दोरी

पत्रकावर छापलंय : दोन रात्री, तीन दिवस,
घोडेकड्याची चढाई, खाडीत मगरदर्शन,
घावन-चटणीसकट सगळं एका रकमेत.
खाली बारीक अक्षरात : मगर दिसेलच असं नाही.
ते बारीक अक्षर मी घालायला लावलं.

या खेपेला सात जण.
बँकेतली एक, तिची जाऊ, कॉलेजातली दोन पोरं,
नाशिकचे डॉक्टर नवरा-बायको
आणि गुडघ्याला पट्टा बांधलेले करंदीकर सर,
जे प्रत्येक झाडाचं नाव विचारतात
आणि वहीत लिहिताना थांबतात.
"किंजळ. पहिली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ?"
मला काय माहीत. मी साल बघून ओळखते.

सहीचा कागद मी मोठ्याने वाचते :
पडझड झाल्यास जबाबदारी ज्याची त्याची.
पोरं न ऐकता सही करतात.
डॉक्टरीणबाई कागद मागून घेते, परत वाचते.
मला डॉक्टरीणबाई आवडते.

बाराव्या वर्षापासून हा कडा माझ्या पायांत आहे.
अनवाणी, कमरेला आकडी, आकडीत विळा,
डोक्यावर सुक्या गवताचा भारा.
भाऱ्यात वारा शिरला की तो बैलासारखा ओढतो,
तेव्हा भांडायचं नाही, गुडघे वाकवून उभं राहायचं.
आता रिकाम्या डोक्याने चढते
आणि त्याचे पैसे मिळतात.
पहिलं वर्षभर सारखं वाटायचं
काहीतरी वरच विसरून आले.

किंजळीच्या बुंध्याला दोरी टाकते, गाठ ओढून बघते,
पुन्हा ओढते.
"इथे डावा पाय आधी. उजवा नाही."
सर विचारतात, "का हो?"
"दगड हलतो."

हलतो. चोवीस वर्षांपूर्वीही हलला होता.
जनूचा विळा वर राहिला आणि जनू खाली गेला.
भारा मधेच अडकला, करवंदीच्या जाळीत.
तीन दिवस अंगणातून दिसत होता.
चौथ्या दिवशी बाबा गेले आणि घेऊन आले.
म्हैस उपाशी होती.

सातही जण डावा पाय आधी टाकतात.
वर पोचल्यावर पोरं ओरडतात,
समोरच्या डोंगराकडून ओरडून घेतात.
सर पट्टा सोडून गुडघा चोळतात.
लांब खाडीचं तोंड, त्यापलीकडे समुद्र,
दुपारी तो पत्र्यासारखा दिसतो, काही खास नाही.
सगळे त्याचेच फोटो काढतात.

दुसऱ्या दिवशी सुकतीला नुरूभाय होडी काढतो.
थंडीत मगरी चिखलावर उन्हाला येतात.
इंजिन बंद. तिवरांच्या मुळांत पाणी चुळबुळतं.
"ती?"
ओंडका.
"ती तिथली?"
ओंडकाच.
"आणि ती?"
नुरूभाय बोलत नाही, वल्हं वर घेतो.
बँकेतल्या बाईने जावेचा हात धरलेला.
थोरला पोरगा कुजबुजतो, "नाव काय हिचं?"
नुरूभाय म्हणतो, "कशाला? हाक मारायची काय?"
हसू आवरताना होडी हलते.
मगर न घाईत, पोटावर सरकत, पाण्यात जाते
आणि चिखलावर तिची ओली रेघ राहते.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी वळणाआड गेली
की मी दोरी अंगणात सोडते.
टोकापासून टोकापर्यंत हातातून काढते,
वीतभर, मग वीतभर,
पोरीच्या केसांतल्या उवा बघावं तसं,
कुठे धागा सुटलाय का, कुठे मऊ पडलीय का.
आई ओटीवर कुळीथ पाखडत बसलेली.
इतक्या वर्षांत दोरीबद्दल तिने विचारलं नव्हतं.
आज सूप थांबवून म्हणाली, "केवढ्याची गो ही?"
"साडेनऊ हजार."
तिने सुपातला एक खडा काढला, अंगणात टाकला.
"आपली म्हैस तेवढ्यालाच आलेली," म्हणाली,
आणि पाखडायला लागली.